कासवाचं पथ्य

बायको वारल्यावर तिची शेळी माझ्याकडे आली. तिला घेऊन मी गुरांच्या दवाखान्यात बसलो होतो. शेजारी गळ्यात तुळशीची माळ घातलेले सहदेवबुवा आणि त्यांची बायको जनकाबाई बसले होते. दोघांच्या मध्ये घमेल्यात कासव होतं. पलीकडे बैल घेऊन आलेला पुंजाजी.

“कासवाले काय झालं, बाई?” पुंजाजीनं विचारलं.

“डोळे सुजले. आठ दिवस झाले, काही खाऊन नाही राह्यलं.”

“देता काय त्याले?”

“दूध-भाकर.”

“कासवाले? अन् आधी?”

“आधी गांडुळं, झिंगे. यायनं माळ घातली, तवापासून घरात सारं बंद.”

“म्हणजे कासवालेही माळकरी केलं म्हना की!”

“हसू नका हो. पंधरा वर्साचं हाये. लेकरावानी वाढवलं म्या.”

“बुवा, अशानं जीव जाईन त्याचा.”

“माह्या घरात जीवहत्या चालत नाही.”

“अन् हे मेलं त?” जनकाबाई म्हणाली. “ते पाप कोनाले?”

बुवा घमेल्यावर वाकले.

“माळ म्या घातली. त्यानं कुठं घातली?”

“मंग?”

“नंबर आला त हाक मार. त्या हौदापाशी ओल हाये. गांडुळं भेटतीन.”