शर्ट सोडून

श्रीदेवी : आनि ह्यांचा निळा शर्ट कुटंय, आत्या? ह्या चिंध्यांच्या ढिगात मीच टाकला होता की.

निंगव्वा : चुलीपाशी. भांडी उतरायला फडकं केलंय त्याचं.

श्रीदेवी : वाकळंत घरातल्या सगळ्यांचं कापड पायजे, तुमीच म्हनता. जुन्या वाकळंत तर आजेसासऱ्यांचं धोतरपन हाय.

निंगव्वा : त्या म्हाताऱ्यानं कुनावर हात टाकला न्हवता. सोमशेखरनं तुजा दात पाडला. त्याची चिंधीसुदिक तुज्या अंगावर नको. सुई ओवून दे.

श्रीदेवी : पोटचा पोरगा हाय तुमचा.

निंगव्वा : व्हय. मीच लाडावला. पैल्यांदा मारलं तवा मीच म्हनले, सोस बाई. त्या तोंडाचं काय करू आता?

श्रीदेवी : जाऊ द्या.

निंगव्वा : सात वर्सं जाऊच दिलं की.

श्रीदेवी : गल्लीत म्हनत्यात, सासूच सुनंला पळवून लावती.

निंगव्वा : पळवत न्हाय म्हनावं. उद्या सकाळी आठला, सगळ्यांदेखत रिक्षात बसवनार हाय. कुंभारी गावातली तुजी खोली झाडली का?

श्रीदेवी : झाडली. पन मी गेल्यावर ते तुमच्यावर हात टाकतील.

निंगव्वा : टाकू दे. माजी हाडं जुनी हायती.

श्रीदेवी : हे कारखान्यातल्या टॉवेलाचे तुकडे कशाला मदी?

निंगव्वा : ऊब ऱ्हाती. दिसभर दुसऱ्यांचे टॉवेल शिवतीस, चार तुकडे तुज्याबी अंगाखाली असू देत.

श्रीदेवी : आनि खाली ही इरकल? तुमच्या लग्नातली? फाडली तुमी?

निंगव्वा : पेटीत कुजत होती.

श्रीदेवी : धरा हे टोक. (वाकळ पसरते.) आत्या, लई रुंद झाली ही.

निंगव्वा : असंल.

श्रीदेवी : मी आन पोरगी, दोगीच. तीन हात बास होत्यात. ही पाच हात हाय.

निंगव्वा : डोळ्याला दिसंना झालंय. चुकलं माप.

श्रीदेवी : माप तुमी डोळ्यानं कवा घेतलंय? हातानं मोजता. निम्म्या गल्लीच्या वाकळा शिवल्या, एक चुकली न्हाय.

निंगव्वा : कात्री दे हिकडं. दोन हात काढून टाकते.

श्रीदेवी : न्हाय देत.

निंगव्वा : एक खोली हाय तुजी, श्रीदेवी. उगं कशाला...

श्रीदेवी : पोरगी झोपंत लई लाथा मारती. तुमी भिंतीकडं झोपा, मदी मी झोपते.