गारठ्यातली गाडी

दोन हजार एकवीसचा जानेवारी. आयर्लंडमधल्या लेटरकेनी गावच्या हॉस्पिटलबाहेर, माझ्या शेजारी दोन मराठी माणसं मास्क लावून उभी होती. तरुण जयेशची बायको शिवांगी आत बाळंत होत होती; कोविडमुळे त्याला आत सोडलं नव्हतं. सोबतचे नंदकुमार त्याचे शेजारी.

"काका, माझी पेट्रोलची गाडी नेमकी आजच रुसावी? नुसती खरखरली."

"बॅटरी गारठली रे. या थंडीत चालायचंच."

"आणि मी तुमच्या इलेक्ट्रिकला खेळणं म्हणायचो."

"तीही काही शहाणी नाही. सुरू झाली लगेच, पण डोंगर चढताना चार्जिंग भराभर उतरत होतं."

"म्हणून हिटर बंद केलात?"

"नाहीतर पोचलोच नसतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण शिवांगीच म्हणाली."

"काय म्हणाली? मला भीतीने काही ऐकूच आलं नाही."

"म्हणाली, मला घाम फुटलाय काका, तुम्ही फक्त गाडी पळवा!"

"थांबा, तिचाच फोन. हॅलो? शिवांगी? खरंच? काका, मुलगी झाली! दोघी एकदम ग्रँड, ठणठणीत!"

"अरे वा! अभिनंदन! कुणावर गेलीय?"

"दिसली नाही अजून. पण फोनवर तिचं रडणं ऐका ना, आवाज आईचाच आहे!"