पायची पारी

…आणि वर ती शेजारीण मलाच ऐकवते, “अहो, पारी म्हणजे नुसतं भांडंच की! सारण धरून ठेवलं, काम संपलं!” भांडं म्हणे! तुम्हाला सांगतो, हातातली पिशवी मी जिन्यातच खाली ठेवली. म्हटलं, बाई, पारी रस सांडू देत नाही, वाफ कोंडून धरते, आतल्या सफरचंदाला मऊ करते आणि स्वतः मात्र खुसखुशीत राहते… आहे असं भांडं तुमच्याकडे? तर म्हणते, “तुम्हाला वहिनींची आठवण येतेय.” येतेय ना! नाही कुठे म्हटलं?

बायको गेलीये मुलीच्या बाळंतपणाला. गेली ती गेलीच! आमच्याकडे रविवारी ओव्हनमध्ये सफरचंदाचा पाय व्हायचा… खायचा पाय हो, चालायचा नव्हे! सारण तिला, पारी मला, लग्न झाल्यापासूनची वाटणी. काठ मोडला की कसा कर्रकन आवाज यायचा… आता घरात आवाज कसला, तर फ्रिजचा!

शेवटी म्हटलं, आपणच करू. लावला बायकोला फोन. “अहो, लोणी थंडगार हवं. पीठ मळू नका, नुसतं बोटांनी चोळा. आणि तुमचे हात गरम, आधी गार पाण्यात धरा!” माझे हात गरम असतात हे जगात एकाच बाईला माहीत, आणि ती जाऊन बसलीये तिकडे… धरले हो गार पाण्यात. लाटली, भाजली. निघालं काय? फरशी! सुरी वाकली! भांडं म्हणे… भांडं तरी बरं!

मुलीला फोनवर दाखवली, तर ती हसून हसून बेजार. “बाबा, ही आईसाठी ठेवा! तिला पारीच आवडते. इथे सारण सगळं आम्हाला वाढते आणि काठ एकटी कुरतडत बसते!”

काय? मी खुर्चीत बसलोच. म्हणजे इतकी वर्षं…? बायकोनं फोन घेतला. म्हटलं, “खरं का गं?”

“तुम्ही किती आवडीनं खायचात…” एवढंच बोलली, आणि मागे बाळ रडायला लागलं.

म्हटलं, “तू ये. यापुढे पारी तुला.”

“आणि सारण?”

“मला काय, सारणही आवडतं!”

कसलं आवडतं! गोडमिट्ट गिचका नुसता! पण पुढच्या महिन्यात येतेय ती… म्हणून सराव चाललाय. रोज एक वाटी सारण, तेही आरशासमोर बसून… तोंड वाकडं होता कामा नये ना!