एकट्याचं कार्ड

हॅलो?… हो, बोल. आत्ताच पाय ठेवला घरात. थांब, स्वयंपाकघरात येते, हे बाहेर बसलेत.

हं. बोल आता.

नाही. नाही काढलं कार्ड.

अगं, ऐक ना… आधी ऐकून तर घे. गर्दी नव्हती, कागद होते, तू सांगितलेले सगळे. खिडकीवरची बाईसुद्धा भली होती, तुझ्या बाबांना खुर्ची दिली तिनं. मशीनवर अंगठा तेवढा लावायचा राहिला होता. आणि हे उठले. म्हणाले, चला घरी.

छे गं, चक्कर नाही आली…

हो, हो, माहितीये. सत्तरीपुढे सगळ्यांना मिळतं, जवळच्याच हॉस्पिटलात, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. तिनंही तेच सांगितलं. पण त्याच्या पुढचं तू वाचलं नव्हतंस… रागावत नाहीये गं. मला तरी कुठे ठाऊक होतं?

नवं घ्यायचं तर यांच्या छापखान्यातल्या नोकरीचं जुनं कार्ड सोडावं लागतं. दोन्ही नाही ठेवता येत… कायमचं. दोनदा विचारलं मी.

जुनं काय करायचंय? असं कसं म्हणतेस? जुन्यावर छकुली आहे ना आपली.

हो… नवं कार्ड ज्याच्या त्याच्या एकट्याचं. मला मिळेल सत्तर झाली की. तुझ्या बहिणीला कोण देणार? फिट्सच्या गोळ्या, महिन्याची तपासणी, सगळं जुन्यावर चालतं तिचं.

दुसरं एक आहे तिच्यासारख्यांसाठी, तेही विचारलं. दवाखान्यात ठेवलं तरच मिळतं. रोजच्या गोळ्या नाहीत त्यात.

जुन्यावर ऑपरेशन? होतं, पण नंबर पुढच्या वर्षी. आणि डॉक्टर काय म्हणाले ते तूच ऐकलंस ना फोनवर… हो. हृदयाची झडप तेवढे दिवस काढायची नाही.

इकडे आड, तिकडे विहीर झालंय बघ.

काय?… अगं तेच सांगतेय. उठायच्या आधी त्यांनी त्या बाईला एकच विचारलं. पत्ता विचारावा तसं. म्हणाले, जुनंच ठेवलं आणि मी गेलो, तर मुलीचं चालू राहतं का? ती म्हणाली, राहतं आजोबा, आई असेतो आईच्या नावावर, मग तिच्या. हे म्हणाले, मग झालं. आणि उठले.

…रडू नकोस. मी रडून घेतलंय बसमध्ये. लोक बघत होते, बघू देत. भांडले मी त्यांच्याशी. मला म्हणतात, माझं सगळं करून झालंय, तिला अजून जगायचंय.

आत्ता? काही नाही. छकुली पायमोजे काढतेय त्यांचे. तेवढं छान जमतं तिला. त्यांनी काही सांगितलं की हसते.

समजावू म्हणजे काय समजावू? उंटावरून शेळ्या हाकू नकोस गं. तू ये आणि समजाव.

बरं, बरं… नाही, तसं नव्हतं म्हणायचं. सुट्टी मिळत नाही, माहितीये मला.

ऐक. एक विचारू? बसमध्ये तेच घोळत होतं मनात. मागे तू म्हणाली होतीस, आई, काहीही लागलं तरी सांग. आज सांगते.

छकुलीचं तू घेशील? आत्तापासून, आणि आमच्यामागेही. गोळ्या, दवाखाना, सगळं. तू नुसतं हो म्हण. मी आत्ता बाहेर जाऊन त्यांना सांगते, थोरलीनं घेतलंय अंगावर. ते उद्या अंगठा लावतील. तुझ्या शब्दावर लावतील ते, मला माहितीये. माझ्या नाही लावणार. मला हा माणूस हवाय गं अजून थोडे दिवस.

…

हॅलो?

आहेस ना?

…

टीव्ही चालू आहे का तुमच्याकडे? बातम्या ऐकू येताहेत मला.

…

बाळा?

…

आवाज येत नाहीये गं तुझा. रेंज गेली असणार. होतं असं कधी कधी. असू दे… असू दे हं. जेवून घे वेळेवर. मी ठेवते.