तारखेच्या रकान्यात 'रोज'

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय मॅनेजरसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या सत्कारासाठी आज हा हॉल भरला त्या आपल्या कारखान्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर, आणि माझ्या कामगार बंधूभगिनींनो,

सिस्टरांचे सगळे गुण सांगायचे तर चहा गार होईल. मी एका शब्दावरच बोलतो. मी दहावी नापास, पण हा इंग्रजी शब्द मला पाठ आहे: इन्सिडियस.

बारा वर्षांपूर्वी यांनी माझे कान तपासले आणि कागदावर हा शब्द लिहिला. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर तेव्हा माझी अठरा वर्षं झाली होती. मी विचारलं, "म्हणजे काय हो?"

"जे नुकसान चोरपावलांनी येतं, रोज थोडंथोडं आत शिरतं आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, ते."

"मग आमचा मेहुणाच की! चार दिवसांसाठी आला, दोन वर्षं झाली."

"छे, तो तुम्हाला दिसतो ना? बोट कापलं, हात भाजला, तिथेही हा शब्द चालत नाही. तुमचा डावा कान निम्मा गेलाय. प्रेसवर राहिलात तर उजवाही जाईल."

माझं हसू तिथेच विरलं. बदली हवी तर दुखापतीचा अर्ज भरायचा. कारकून म्हणाला, "सिस्टर, रक्त नाही, फ्रॅक्चर नाही. तारीख कुठली टाकू? रकाना रिकामा राहिला तर अर्ज परत येतो."

सिस्टरांनी त्याच्या हातातलं पेन घेतलं. तारखेपुढे लिहिलं, 'रोज'. वेळेपुढे, 'सकाळी आठ ते साडेचार'. खाली सही.

मंडळी, बघा. माझी अठरा वर्षं या बाईंनी दोन रकान्यांत बसवली होती!

साहेब, रागावू नका, पुढचंही सांगतोच. तुम्ही विचारलंत, "अशी नोंद असते का कुठे?" या म्हणाल्या, "साहेब, अर्धा तास प्रेसजवळ उभे राहून बघा." तुम्ही उभे राहिलात. परत येऊन अर्जावर सही केलीत. मी पॅकिंगला गेलो, आणि त्या वर्षापासून सगळ्यांचे कान तपासले जाऊ लागले.

आता माझी चार वर्षांची नात उजव्या कानाशी येऊन गुपित कुजबुजते. सिस्टर, ते मला ऐकू येतं. याहून मोठं काय सांगू?

बोलायची संधी दिलीत, आभारी आहे. कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. आणि डावीकडून कुणी हाक मारली असेल अन् मी वळलो नसेन, तर तो माझा माज समजू नये, एवढीच विनंती.