तळघरातली ‘स्वच्छ’ हवा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ताईंचे यजमान, त्यांच्या दोन्ही लेकी, आणि भाषणं आटोपून चहा कधी मिळतो याची वाट पाहणाऱ्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

आपल्या प्रयोगशाळेच्या ताई आज निवृत्त होत आहेत. सत्तावीस वर्षं त्यांनी या कारखान्याच्या हवेची झडती घेतली. लेकी म्हणे अजून विचारतात, आई नक्की करते तरी काय? सांगतो. नळीनं हवा यंत्रात ओढायची आणि तिच्यातून अवरक्त किरण सोडायचे. डोळ्यांना न दिसणाऱ्या या प्रकाशातला आपापला वाटा बरेच वायू गिळतात. काय गिळलं गेलं, त्यावरून हवेत कोण शिरलंय ते कळतं. खाऊच्या डब्याला कोणाचा हात लागला, हे आयांना कळतं ना, तसंच.

आता बारा वर्षं दाबून ठेवलेली एक गोष्ट सांगतो. मी तेव्हा नवा सुरक्षा अधिकारी, आणि ऐट तर विचारूच नका! भट्टीखालच्या तळघरात दोन फिटर उतरणार होते. यंत्राला आधी बाहेरची स्वच्छ हवा दाखवावी लागते. तेवढी वजा करून ते पुढचा आकडा सांगतं. पण नळी आधीच खाली सोडलेली. ती वर ओढायचा मला कंटाळा आला. तळघरातलीच हवा ‘स्वच्छ’ म्हणून दाखवली. मग काय, आकडा शून्य! मी खाली उतरायच्या परवान्यावर झोकात सही ठोकली.

ताईंनी विचारलं, “साहेब, स्वच्छ हवा कुठली घेतलीत?”

“खालचीच.”

“अहो, चोराचीच घरमालक म्हणून ओळख करून दिलीत! यंत्र बिचारं काय बोलणार?” आणि शिडीवर पाय ठेवलेल्या फिटरांवर त्या कडाडल्या, “आधी मागे व्हा!”

बाहेरची हवा घेऊन पुन्हा तपासलं. तळघर कार्बन मोनॉक्साइडनं भरलं होतं. ना रंग, ना वास. ते दोघे परत वर आले नसते. ताईंनीच मला स्टुलावर बसवून पाणी पाजलं.

अहवालात त्यांनी एवढंच लिहिलं, ‘फेरतपासणीत गळती आढळली.’ सगळ्यांना वाटलं, ती मीच पकडली. सत्कार माझा झाला, आणि ताई पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होत्या! मी नंतर विचारलं, गप्प का राहिलात? म्हणाल्या, “आता तुम्ही जन्मभर नळी बाहेर काढाल. मला तेवढंच हवं होतं.”

ताई, तो सत्कार तुमचा होता. हे सांगायला मला बारा वर्षं लागली, याची लाज वाटते.

आयोजकांनी बोलायची संधी दिली, त्यांचे आभार. भाषणात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. तळघराची चूक मात्र घालू नका. ती आजपासून माझ्या नावावर असू द्या.