अध्यक्षांची मुदतवाढ

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचं नाव काढू नका राजेहो, तोंडातला चहा कडू होते.

पांढरकवड्याकडची आमची शाळा सातवीपर्यंतच, अन् मी तिथला हेडमास्तर. परवा पालकसभेत समितीचे अध्यक्ष उठले अन् म्हणे, "बारा मेंबर कधी जमतच नाहीत, सात करा. अन् दोन वर्षांत काय काम होते? मुदत चार वर्षांची करा." मी घसा फोडून सांगून राह्यलो, की हा नियम वरून येते, आपल्या हातात नाही. आयकते कोण! सगळ्यायनं हात वर केले, अध्यक्षांच्या गळ्यात हार पडला. तो हारही त्यायनंच आणून ठेवलता.

मी म्हटलं, "भाऊ, ज्याचं लेकरू शाळेत, तोच मेंबर. तुमची पोट्टी तर सातवी पास झाली. आता ती चालली तालुक्याच्या शाळेत. तुम्ही कसे राहाल?"

 भाऊ मले बाजूले घेऊन म्हणते, "सर, तिले सातवीतच ठेवा ना अजून."

"अहो, वर्गात पह्यली आली ती!"

"मंग काय झालं? पुढच्या वर्षीबी पह्यलीच येईल!"